निळ्या दाराची रेकॉर्ड

धाकट्याला काम फक्त यादीचं दिलं होतं. सकाळी चष्म्याच्या दुकानात कामावर निघताना वहिनींनी दोनदा बजावलं होतं की कव्हरांवरची नावं वाचा, कागदावर उतरवा, आणि मशीनला तेवढा हात लावू नका. दुपारी चारला संगीत विद्यालयाच्या ग्रंथालयातून माणसं येणार होती आणि यादी ताडून दादाच्या सगळ्या रेकॉर्डी घेऊन जाणार होती. काम सोपं होतं. पण सोपं काम सोपं राहू देणाऱ्यांतला धाकटा नव्हता.

तो मुद्रितशोधक. तीस वर्षं छापखान्यात बसून लोकांच्या चुका शोधायच्या, आणि त्यावरच पोट भरायचं. सवय अशी जडलेली, की औषधाच्या बाटलीवरची सूचना वाचतानाही हात खिशातल्या पेन्सिलीकडे जाई. दादा त्याला लहानपणापासून 'मास्तर' म्हणे. आधी कौतुकाने म्हणे, पुढे चिडून म्हणू लागला, आणि शेवटच्या सहा वर्षांत काहीच म्हणाला नाही. दीड महिन्यापूर्वी दादा गेला तोपर्यंत दोघांत एका शब्दाची देवाणघेवाण झाली नव्हती.

खरं सांगायचं तर धाकटा यादीसाठी आलाच नव्हता. ताकाला जाऊन भांडं लपवण्याचा प्रकार होता तो. त्याला एकच गोष्ट जाणून घ्यायची होती. दोन वर्षांपूर्वी त्याने दादाला कुरियरने एक रेकॉर्ड पाठवली होती, चिठ्ठीबिठ्ठी काही न घालता. ती दादाने ऐकली होती का? ऐकली असेल तर दादाने माफ केलं, नसेल तर नाही, असा त्याने स्वतःच्या मनाशी हिशोब बांधला होता. तो विचारणार कोणाला? वहिनींनी तेव्हा फोनवर 'पार्सल मिळालं' एवढंच कळवलं होतं, आणि त्यापुढे विचारायची याची छाती झाली नव्हती.

आता भांडण कशावरून, तर गाण्यांवरून. ऐकणाऱ्याला हसू येईल, पण जमिनीवरून भांडणारे भाऊ निदान जमीन विकून तरी मोकळे होतात.

दोघं एकाच खोलीत, एकाच जुन्या रेकॉर्ड प्लेअरवर वाढले. कव्हरांवरची भाषा तेव्हा वाचता येत नव्हती, म्हणून चित्रांवरून नावं पडली. कुत्र्याची रेकॉर्ड, लंगड्याची रेकॉर्ड, रिकाम्या पेट्रोलपंपाची, निळ्या दाराची. पुढे वाचता यायला लागलं तरी घरात नावं तीच राहिली. दादा कंट्रीचा, म्हणजे अमेरिकेतल्या खेड्यापाड्यांच्या गाण्यांचा, भक्त झाला आणि धाकटा रॉकचा. दादा लिफ्ट दुरुस्त करायचा. दिवसभर अंधाऱ्या खड्ड्यात तारांशी झटून आला, की त्याला एक माणूस, एक गिटार आणि लांबलचक रस्ता एवढंच पुरे. धाकट्याला चार माणसं लागायची, एकमेकांशी अजिबात न पटणारी. दादाचं म्हणणं असायचं की रॉकवाल्याला जग बदलायचं असतं आणि कंट्रीवाल्याला फक्त सोडून गेलेली बायको परत यायला हवी असते. दोघांचंही होत नाही, पण दुसऱ्याचं मागणं निदान माफक असतं. धाकट्याने यावर वीस वर्षं उत्तर शोधलं आणि त्याला ते सापडलं नाही.

मग दादाने वाचनालयामागच्या खोलीत दर रविवारी रेकॉर्डी ऐकवायला सुरुवात केली. तीस-चाळीस माणसं जमायची. माणसं गाण्यांसाठी येत असं धाकट्याला वाटे, पण ती येत दोन गाण्यांच्या मधे दादा जे बोले त्यासाठी. हा गायक सर्दीने घसा धरलेला असताना गायला, म्हणून हे गाणं असं झालंय. या गायकाने त्या सकाळी आपला कुत्रा पुरला होता, आता ऐका. निम्म्या गोष्टी दादाच्या डोक्यातून निघालेल्या असत. सगळ्यांत गाजलेली गोष्ट निळ्या दाराच्या रेकॉर्डची. त्यात गायकाच्या मागे आडवी पोलादी गिटार वाजते, आवाज असा की कोणीतरी शेजारच्या खोलीत दाबून रडतंय. दादा सांगे की ती वाजवणारा गायकाचा सख्खा भाऊ. दोघांचा नऊ वर्षं अबोला होता. एका खोलीत, एकमेकांकडे पाठ करून त्यांनी ही दहा गाणी रेकॉर्ड केली, आणि काम संपल्यावर दोन वेगवेगळ्या दारांनी निघून गेले.

लोकांच्या डोळ्यांत पाणी यायचं. सहा वर्षांपूर्वीच्या एका रविवारी ते तसं आलेलं असताना धाकटा उभा राहिला आणि त्याने सांगितलं, की ते दोघे भाऊ नव्हते. आडनाव एक होतं, नातं काही नाही. कव्हरच्या मागे बारीक अक्षरात लिहिलंय, वाचून घ्या. कोणीतरी हसलं. मग बरेच जण हसले. दादाने सुई उचलली, रेकॉर्ड कव्हरात घातली, आणि ती पहिल्या रांगेतल्या एका म्हाताऱ्याला देऊन टाकली. पुढच्या रविवारी खोलीला कुलूप होतं.

धाकट्याने माफी मागितली नाही, कारण त्याची चूक नव्हती. दादाने बोलायला सुरुवात केली नाही, कारण त्याची होती. सुंभ जळतो पण पीळ जात नाही, तसं चाललं. मग अडीच वर्षांपूर्वी दादाला झटका आला आणि डावा हात कायमचा लुळा पडला. धाकटा दवाखान्यात गेला होता, पण खोलीच्या दारापासून परतला. दादा झोपलाय, असं कारण त्याने स्वतःला दिलं. पुढे सहा महिन्यांनी एका जुन्या सामानाच्या दुकानात त्याला निळं दार दिसलं. कव्हरचा कोपरा दुमडलेला, पण आत रेकॉर्ड धड. त्याने ती पाठवली. तोंडाने जे झालं नाही ते कुरियरने होईल, अशी आशा.

तर असा हा माणूस त्या सकाळी दादाच्या खोलीत एकटा उभा होता. खिडकीखाली खुर्ची, खुर्चीशेजारी रेकॉर्ड प्लेअर, त्याचं झाकण लावलेलं. भिंतीला लागून दादानेच ठोकलेलं फडताळ आणि त्यात दोनशे अकरा कव्हरं दाटीने उभी. निळं दार तिसऱ्या कप्प्यात होतं. दुमडलेल्या कोपऱ्यावरून त्याने ते लांबूनच ओळखलं. हात पुढे गेला आणि मागे आला. आपण यासाठीच आलोय हे स्वतःपुढेसुद्धा कबूल करायची त्याला लाज वाटली. सगळं क्रमाने करू, ती येईल तेव्हा येईल, असं त्याने ठरवलं.

पहिलं कव्हर कुत्र्याचं. नाव लिहिण्याआधी सवयीने त्याने आतली रेकॉर्ड काढून पाहिली, तर ती लंगड्याची. लंगड्याच्या कव्हरात कुठल्यातरी बाईची. पुढच्या दोन जागच्या जागी होत्या, त्याच्या पुढची पुन्हा भलतीच. शिवाय प्रत्येक चुकलेल्या रेकॉर्डवर अंगठ्याचा ठसा, थेट गाण्यांच्या रेषांवर. रेकॉर्ड नेहमी कडेने धरायची हे दादानेच त्याला शिकवलं होतं, दोन टपल्या मारून. आजारपणात माणूस इतका गबाळा होतो, याचं त्याला वाईट वाटलं आणि रागही आला. असला पसारा ग्रंथालयाच्या हाती द्यायचा म्हणजे दादाचं हसं. एकदा झालं तेवढं पुरे होतं.

मग त्याने जे केलं ते त्याच्या धंद्याच्या रीतीला धरूनच होतं. पानं उलटसुलट झाली की एकेक नीट करत बसायचं नसतं. सगळी सुटी करायची आणि नव्याने लावायची. त्याने साऱ्या रेकॉर्डी कव्हरांतून काढल्या. कुठली कुठून निघतेय हे पाहिलं नाही, पाहायचं कारणच नव्हतं. रेकॉर्डींचा ढीग पलंगावर, कव्हरांचा जमिनीवर. निळं दार हाताखालून गेलं तेव्हा त्याने मुद्दाम मान वळवली, जसं काही त्या कव्हराशी त्याची ओळखच नाही. मग मऊ फडकं आणि वाटीत कोमट पाणी घेऊन तो एकेक रेकॉर्ड पुसायला बसला.

ते दोन तास त्याला बरे गेले. एवढ्या दिवसांत पहिल्यांदा दादाजवळ बसल्यासारखं वाटलं. लंगड्याची रेकॉर्ड पुसताना आठवलं, की हा माणूस आयुष्यभर दारूवर गाणी गायला आणि दादाच्या मते दारूच्या थेंबाला शिवला नव्हता. त्या बाईच्या रेकॉर्डवर सातव्या गाण्यात मागे खुर्ची करकरते. दादा म्हणायचा, ती खुर्ची काढली तर गाणं मरेल. मधेच चार रॉकच्या रेकॉर्डी निघाल्या. त्या धाकट्याच्याच, लग्नानंतर इथे राहून गेलेल्या. त्यातली दोन तबकड्यांची एक, बॅंड फुटत असताना केलेली. तिसऱ्या गाण्यानंतर ड्रम वाजवणारा बदलतो, कव्हरवर त्याचा उल्लेख नाही, पण ऐकणाऱ्याला कळतं की कोणीतरी दार आपटून निघून गेलंय. तरुणपणी त्याला त्या रागाचं फार कौतुक होतं. आता वाटलं, की उरलेल्या तिघांनी ती रेकॉर्ड पूर्ण कशी केली असेल. दादाच्या गायकांनी आयुष्यभर याच एका गोष्टीवर गाणी लिहिली होती, कोणी गेल्यावर उरलेल्यांनी काय करायचं, आणि आपण त्यांना रडके म्हणत होतो.

निळ्या दाराची रेकॉर्ड निघाली तेव्हा त्याने ती इतरांसारखीच पुसली, जरा जास्तच पुसली, आणि तिच्या कव्हरात घातली. दोनशे अकराव्या कव्हरापाशी आल्यावर एक रेकॉर्ड कमी पडली. रिकाम्या पेट्रोलपंपाची. मग लक्षात आलं, ती मशीनवर असणार. झाकणाच्या काचेतून पाहिलं, तर तीच होती. बाकी सगळं जिथल्या तिथे. त्याने यादी सुवाच्य अक्षरात उतरवून काढली आणि बाहेरच्या खोलीत जाऊन बसला.

वहिनी दीडच्या सुमाराला आल्या. हात धुतले, पदराला पुसले आणि दादाच्या खोलीत डोकावल्या. पलंगावर पालथी घातलेली वाटी, त्यावर वाळत टाकलेलं फडकं. त्या तिथेच थांबल्या.

"भाऊजी, तुम्ही आतल्या रेकॉर्डी हलवल्यात?"

त्याने जरा अभिमानानेच सांगितलं, की सगळ्या आपापल्या कव्हरांत गेल्या, ठसेही निघाले.

वहिनी दादाच्या खुर्चीच्या हातावर टेकल्या. मग त्यांनी जे सांगितलं ते अगदी सपाट आवाजात, दुकानात गिऱ्हाइकाला नंबर समजावून सांगावा तसं. हात गेल्यावर दादाने मनाशी ठरवलं होतं की आपल्या साऱ्या रेकॉर्डी एकेकदा ऐकून संपवायच्या. हाताला येईल ती, पण एकदाच. एका हाताने रेकॉर्ड बदलणं म्हणजे कसरत, ती वहिनींनी सुट्टीच्या दिवशी पाहिलेली. नवी कव्हरातून काढून मांडीवर घ्यायची, मशीनवरची उचलायची, ती ठेवायला जुनं कव्हर शोधत कोण उठणार, म्हणून समोर नुकतंच मोकळं झालेलं कव्हर असे त्यातच ती सरकवायची. अंगठ्याने दाबून धरली नाही तर पडे. त्यामुळे ऐकलेली प्रत्येक रेकॉर्ड तिच्या नंतर लागलेल्या रेकॉर्डच्या कव्हरात. न ऐकलेली आपल्या जागी. दिवसभर घरात एकटा असे. संध्याकाळी वहिनी विचारत, आज काय ऐकलंत, तर म्हणे, सगळं लिहून ठेवलंय फडताळात, मी गेल्यावर वाच.

"मला वाटलं होतं, तुम्ही आलात की दोघं मिळून बघू," वहिनी म्हणाल्या. "मशीनवरच्यापासून मागे मागे जायचं. मला त्यातलं एकही नाव कळत नाही. तुम्हाला कळलं असतं."

धाकट्याला आधी अर्थ लागला नाही. मग त्याने मशीनवरच्या रेकॉर्डकडे पाहिलं. पेट्रोलपंपाच्या कव्हरात तिच्या आधीची रेकॉर्ड होती. त्या रेकॉर्डच्या कव्हरात तिच्याही आधीची. अशी अडीच वर्षं, एकेक दुपार, त्या फडताळात ओळीने लावलेली होती. दादा कुठल्या गाण्यावरून कुठल्या गाण्यावर गेला, कुठल्या दिवशी त्याला त्या बाईची खुर्ची ऐकावीशी वाटली, सगळं. आणि याने ते सकाळी नऊ ते अकरा या वेळात, कोमट पाण्याने, साफ केलं होतं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते असं. त्याला एका रेकॉर्डचं उत्तर हवं होतं. वहिनींना नवऱ्याच्या अडीच वर्षांचं. दोन्ही त्याच्याच हातून गेलं.

तो फडताळाकडे धावला. काही आठवतंय का ते पाहू लागला. कुत्र्याच्या कव्हरात लंगडा, लंगड्याच्या कव्हरात ती बाई. आणखी एक जोडी अंधुक आठवली. पुढे नुसते हातच आठवत होते, काढणारे आणि ढीग करणारे. निळ्या दाराची रेकॉर्ड त्याने उजेडाला धरली. अंगठ्याचा ठसा होता का तिच्यावर? निम्म्यांवर होते. ती स्वच्छ होती, आरशासारखी, त्याचाच चेहरा दिसण्याइतकी.

"वहिनी, मी पाठवलेली ती... ही... दादाने ऐकली होती का, तुम्हाला ठाऊक आहे?"

त्यांनी मान हलवली. ठाऊक नव्हतं. पार्सल आलं त्या दिवशी मात्र दादाने कव्हर मांडीवर घेऊन, भिंग लावून, मागची बारीक अक्षरं वाचली होती, एवढं त्यांना आठवत होतं.

"म्हणाले, मास्तर बरोबर होता. आणि मग म्हणाले, पण गोष्ट माझी चांगली होती."

धाकटा रडला. साठीला टेकलेला माणूस, फडताळाला डोकं टेकवून, आवाज न करता रडला. वहिनींनी त्याला रडू दिलं आणि स्वतः स्वयंपाकघरात जाऊन भांडी वाजवत राहिल्या. रागावल्या असत्या तर त्याला सोसलं असतं.

तीन वाजता त्या परत आल्या आणि म्हणाल्या की निळं दार तुम्ही घेऊन जा, यादीतून खोडा. तो नको म्हणाला. एकदा दिलेलं परत घ्यायचं नसतं. पण एकदा वाजवू का, असं त्याने विचारलं, आणि मशीनला हात लावायची परवानगी आज पहिल्यांदा मिळाली. त्याने डावा हात पाठीमागे धरला. एका हाताने निळ्या दाराची रेकॉर्ड काढून मांडीवर घेतली. पेट्रोलपंपाची उचलली, घसरत होती म्हणून अंगठा रेषांवर दाबला, आणि समोरच्या कव्हरात, निळ्या दाराच्या, सरकवून दिली. मग सुई ठेवली.

दोघं ऐकत बसली. आडवी गिटार शेजारच्या खोलीतून आल्यासारखी वाजत होती. ती वाजवणारा गायकाचा कोणी लागत नव्हता, हे धाकट्याला पक्कं ठाऊक होतं, आणि तरी आज त्याला दोन पाठी दिसल्या. वहिनींनी विचारलं, काय म्हणतोय हा. त्याने सांगायला सुरुवात केली, की हे दोघे सख्खे भाऊ, नऊ वर्षं बोलत नव्हते. वहिनींनी त्याला थांबवलं नाही. दुसऱ्या बाजूचं तिसरं गाणं चालू असताना दारावरची घंटा वाजली.

ग्रंथालयातून एक चष्मेवाली बाई आली होती, बरोबर खोकी उचलणारी दोन माणसं. बाई कामाला चोख. यादी हातात घेऊन म्हणाली, की अशी स्वच्छ यादी फार वर्षांत पाहिली नाही. मग ती एकेक कव्हर उघडून आतलं लेबल ताडत गेली. तिसऱ्या कप्प्याशी आली आणि तिने निळं दार उघडलं. आत पेट्रोलपंपाची रेकॉर्ड, वर अंगठ्याचा ताजा ठसा.

"एवढी एकच चुकली बघा," ती हसून म्हणाली. "राहून जातं."

तिने मशीन बंद केलं. निळ्या दाराची रेकॉर्ड दोन तळव्यांत, कडेने धरून उचलली. पर्समधून फडकं काढून पेट्रोलपंपाचा ठसा पुसला. दोन्ही रेकॉर्डी आपापल्या कव्हरांत घातल्या आणि यादीवर दोन बरोबरच्या खुणा केल्या. वहिनी खिडकीबाहेर बघत होत्या. धाकट्याने तोंड उघडलं, पण त्या बाईचं काहीच चुकलं नव्हतं. ती खाली सही करायला जागा दाखवत होती. त्याने खिशातून पेन्सिल काढली, पेन हवं म्हणून तिने आपलं पेन पुढे केलं, आणि त्याने सही करून तिचे आभार मानले.